एस्तेरबाईंनी राग सोडला

राखेच्या बुधवारी दुपारी रिबकाबाईंच्या घरी महिला मंडळ जमलं आणि यंदाच्या उपवासकाळात कोण काय सोडणार याची नेहमीची चौकशी सुरू झाली. ईस्टरच्या आधीचे हे चाळीस दिवस म्हणजे मनाला आवर घालायचे दिवस. पण मन काही शेजारणीला दिसत नाही, म्हणून मिरजेच्या ख्रिस्ती बायका दिसेल असं काहीतरी सोडतात. कुणी मटण सोडतं, कुणी गोड. रिबकाबाई कैक वर्षं चहा सोडत आल्या होत्या आणि चाळीस दिवस कॉफी पीत आल्या होत्या. पाळकसाहेबांच्या बायकोनं, म्हणजे पाळकीणबाईंनी, यंदा संध्याकाळच्या मालिका सोडल्या.

“मग पुढं काय झालं ते तुम्हाला कळणार कसं?” कुणीतरी विचारलं.

“सासूबाई बघतात की,” पाळकीणबाई म्हणाल्या. “त्यांनी पान सोडलंय.”

एस्तेरबाई लोंढ्यांची पाळी आली. त्यांनी पदर सारखा केला, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, “मी रागावणं सोडते.”

रिबकाबाईंच्या हातातला शेंगदाण्याचा लाडू तोंडापाशीच थांबला.

“काय सोडतेस?”

“राग.”

“कुणाचा?”

“माझा. दुसऱ्याचा कसा सोडणार?”

“एस्तेर, मटण सोड,” रिबकाबाई कळवळून म्हणाल्या. “या वयात रागाला घराबाहेर काढू नकोस. बिचारा तुझ्यापाशीच म्हातारा झालाय. जाईल कुठं?”

सगळ्या हसल्या. एस्तेरबाई हसल्या नाहीत. त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं, आणि हसणाऱ्यांवर लगेच रागावताही येत नव्हतं, कारण उपवास सकाळपासूनच धरलेला होता.

एस्तेरबाईंचा राग मिरजेत नवा नव्हता. मिशनच्या दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डाच्या त्या मुख्य सिस्टर होत्या, तेव्हाची मिरज अजून टांग्यांची होती. कर्नाटकातून, कोकणातून आलेले पेशंट स्टेशनावरून टांग्यात बसून दवाखान्यात यायचे, आणि पेशंटाबरोबर त्याचं अख्खं बिऱ्हाड, चूल, तवा आणि एखादी कोंबडीसुद्धा. एस्तेरबाईंची स्टार्च केलेली टोपी दाराशी दिसली की बिड्या उशाखाली जायच्या, कोंबडी टोपलीखाली जायची आणि रडणारे गप्प व्हायचे. एकदा एक नवा डॉक्टर पेशंटाच्या खाटेवर टेकला, तर बाईंनी त्याला सगळ्या वॉर्डासमोर उभं केलं आणि चादर बदलायला लावली. पुढं तो डॉक्टर मोठा झाला, परदेशी गेला, आणि तिथून दर नाताळाला बाईंना शुभेच्छा पाठवू लागला. फोनवरसुद्धा उभा राहून बोलतो, असं रिबकाबाई सांगायच्या. आता रिबकाबाईंना ते कसं दिसलं, हे विचारायचं नसतं.

तर अशा बाईनं राग सोडायचं मनावर का घेतलं? कारण होतं मागच्या खोलीत राहणारी राणी.

राणी वडूजकडची. बापाची मेंढरं आणि थोडी जिराईत जमीन. बारावी होऊन तिला मिरजेत नर्सिंगला प्रवेश मिळाला, पण वसतिगृहात जागा मिळाली नाही. बापानं, बिरदेवनं, स्वच्छ सांगितलं होतं की एखाद्या म्हाताऱ्या, खात्रीच्या बाईच्या घरात सोय झाली तर शिक, न्हाईतर घरी चल. घरी चल म्हणजे काय, ते राणीला ठाऊक होतं. मिलिटरीतल्या एका मुलाचं स्थळ आजीनं, दगडाबाईनं, आधीच बघून ठेवलेलं होतं. एस्तेरबाईंचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला होता, मागची खोली रिकामी होती. बिरदेवनं डोक्याचा पटका काढून हातात धरला आणि म्हणाला, “बाई, तुमच्या पदरात घाला हिला.” बाईंनी घातली.

पोरगी गुणाची होती. पहाटे उठायची, भाकरी अशी थापायची की एस्तेरबाईंना आपल्या आईची आठवण व्हायची. खोड एकच. नळाला पाणी आलं की राणी घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायची. घागर, कळशी, बादली तर सोडाच. कुकर. पातेली. डाळीचा रिकामा झालेला डबा. इस्पितळातून निवृत्त होताना बाईंनी आठवण म्हणून आणलेला, इंजेक्शनं ठेवायचा किडनी ट्रे. एकदा थंडीत पाय शेकायला म्हणून बाईंनी रबरी पिशवी काढली, तर ती गार पाण्यानं गच्च फुगलेली. मिरजेत नळाला रोज पाणी येतं, हे एस्तेरबाईंनी तिला कितीदा सांगितलं असेल. राणी मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी भांडी पुन्हा काठोकाठ.

राखेच्या बुधवाराच्या दोन दिवस आधी कडेलोट झाला. एस्तेरबाईंच्या कपाटात एक चिनीमातीचा जग होता, निळ्या फुलांचा. जुन्या काळात दवाखान्यात असलेल्या एका गोऱ्या मिसबाईंनी मायदेशी परत जाताना तो त्यांना दिला होता. तो त्या फक्त नाताळात काढायच्या, सरबतासाठी. त्या दिवशी कपाट उघडलं तर जगात पाणी. आणि शेजारच्या सहाच्या सहा कपांतही.

मग काय, वॉर्डातली सिस्टर जागी झाली. जगाचा इतिहास झाला, मिसबाईंचा झाला, कपाटाच्या लाकडाचा झाला, आणि शेवटी बाई म्हणून गेल्या, “मेंढरांत वाढलेली पोर! तुला चार माणसांत कसं राहायचं ते काय कळणार!”

राणीनं जगातलं पाणी ओतलं. कप एकेक करून रिकामे केले, पुसले, ठेवले, आणि खोलीत निघून गेली. रात्रीची भाकरी तशीच टोपलीत राहिली.

एस्तेरबाई प्रार्थनेला बसल्या, पण शब्द सुचेनात. आपल्या प्रभूनं स्वतःला मेंढपाळ म्हणवून घेतलं, आणि आपण एका मेंढपाळाच्या लेकीला त्यावरून बोललो. प्रार्थनेचे शब्द सुचत नाहीत ते उगीच नाही. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ काढला आणि उठताना ठरवलं की आता चाळीस दिवस रागावायचं नाही. काही झालं तरी नाही.

ठरवणं सोपं होतं. करायचं कसं, हे कुणी शिकवलेलं नव्हतं. एस्तेरबाईंनी आपली एक पद्धत काढली. राग आला की तोंड मिटायचं, नाकानं श्वास घ्यायचा, आणि परसात जाऊन कढीपत्त्याची वाळकी पानं खुडायची. दुसऱ्याच आठवड्यात कढीपत्त्यावर हिरवी पानंही उरली नाहीत.

तोंड मिटण्यात एक अडचण अशी निघाली की एकदा मिटलं की त्यातून चांगलंही काही बाहेर पडेना. “जेवलीस का” म्हणायला तोंड उघडावं, तर त्याच्यामागं “आणि तो कुकर परत भरलास का” हे उभंच असायचं, ढकलत. मग बाई दोन्ही आतच ठेवायच्या. पूर्वी सकाळभर घरात बाईंचा आवाज असायचा: केस बांध, डबा घे, छत्री घे, ऊन आहे तरी घे, अशी फणी कुणी टाकतं का. आता घर एखाद्या अतिदक्षता विभागासारखं शांत झालं.

“आज्जी, आज आमटी खारट झालीय का वो?” राणी विचारायची.

“नाही.”

“मंग खात का न्हाई?”

“खातेय की.”

“माझं काय चुकलंय का?”

“नाही.” आणि बाई श्वास घेत परसात जायच्या.

राणीनं मग बाईंच्या आवडीचं करायला सुरुवात केली. बाईंचे सँडल पुसून ठेवले. उजळणी करते म्हणून बाईंचं ब्लडप्रेशर मोजलं. ते वाढलेलंच निघालं. पूर्वी तिनं पट्टा असा सैल बांधला असता तर बाईंनी तो तीनदा सोडून बांधायला लावला असता. आता त्या भिंतीकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “ठीक आहे.” राणीचा चेहरा पडला. बाईंना वाटलं, पोरगी अभ्यासानं थकली असेल.

मंडळात मात्र बाईंचं कौतुक होत होतं. पाळकीणबाईंनी तर एका शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगितलं की धीर कसा धरावा, हे एस्तेरबाईंकडून शिकावं. एस्तेरबाईंनी नम्रपणे मान खाली घातली. ती वर घ्यायला जरा जास्तच वेळ लावला, असं रिबकाबाईंचं म्हणणं.

खरी कसोटी चौथ्या आठवड्यात आली. घरोघर फिरून डासांच्या अळ्या शोधणाऱ्या दोन मुली बॅटरी घेऊन दारात आल्या. एस्तेरबाई हसत म्हणाल्या, “बघा बाई बघा, माझ्या घरात काय सापडणार?” आणि पहिल्याच मुलीनं कपाटामागं ठेवलेल्या एका जुन्या पातेल्यात बॅटरी मारली. अळ्या वळवळत होत्या. पातेलं राणीनं कधी भरलं होतं आणि कधी विसरली होती, देव जाणे.

दुसरी मुलगी बाईंकडं बघत राहिली. “सिस्टर, तुम्ही? आम्हाला शाळेत डेंग्यूवर भाषण द्यायला तुम्हीच आला होता ना? साठलेलं पाणी ओतून द्या म्हणून?”

एस्तेरबाईंचे कान तापले. राणी दाराआड उभी होती, ओढणीचं टोक तोंडात धरून. आता आभाळ कोसळणार म्हणून तिनं खांदेसुद्धा आवळून घेतले होते. पण आभाळ काही कोसळलं नाही. बाईंनी तोंड मिटलं, पातेलं स्वतःच्या हातानं उचललं, परसात ओतलं, आणि राणीच्या शेजारून, तिच्याकडं न बघता आत निघून गेल्या.

“बघ,” शुक्रवारी त्या रिबकाबाईंना म्हणाल्या, “एक अक्षर बोलले नाही मी.”

“तुझा चेहरा बघूनच अळ्या मेल्या असतील,” रिबकाबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, “पोरगी कशी आहे गं?”

“सुधारलीय. आता भांडी भरत नाही फारशी.”

“हसते का?”

एस्तेरबाईंना आठवेना.

मग झावळ्यांचा रविवार आला, ईस्टरच्या आदला. चर्चमध्ये पोरासोरांनी झावळ्या हलवत फेरी काढली, होसान्ना म्हणत म्हणत एकमेकांच्या कानात झावळीची टोकं घातली, आणि पाळकसाहेबांनी उपदेश जरा आखूड केला म्हणून सगळेच खुशीत बाहेर पडले. एस्तेरबाई पांढऱ्या साडीत, हातात झावळी घेऊन घरी आल्या. आता एकच आठवडा उरला होता. उपवास पार पडणार, अशी त्यांची खात्री होती.

स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि त्या थांबल्या. ओट्यावर घरातलं एकूण एक भांडं पालथं घातलेलं होतं. घागर, कळशी, कुकर, डबे, किडनी ट्रे. सगळी कोरडी, फडक्यानं पुसलेली, ओळीनं. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. खाटेवरचं अंथरूण गुंडाळलेलं. राणीची पुस्तकं नव्हती, बॅग नव्हती. खोलीची किल्ली खिडकीत ठेवलेली.

बाई तशाच कुंपणापाशी गेल्या. पलीकडं धोंडुबाई लसूण सोलत बसली होती. ती शेजारी राहायला आली तेव्हा एस्तेरबाईंचे केस काळे होते.

“धोंडुबाई, राणी कुठं गेली?”

“गेली की ष्टँडावर. बोचकं घिऊन. विट्याची गाडी धरून फुडं वडूजला जाणार म्हनली.”

“वडूजला? का? तिची परीक्षा आहे महिन्यावर!”

धोंडुबाईनं लसूण सुपात टाकला. “आवं सिस्टरबाई, म्हैना झाला तुमी पोरीशी अबोला धरलाय, आन् का म्हनून मलाच इचारताय व्हय?”

“अबोला? मी कुठं अबोला धरला? मी रागावणं सोडलंय!”

“काय सोडलंय?”

“राग. उपवास आहे आमचा.”

धोंडुबाईनं सूप बाजूला सारलं. “त्ये पोरीला कुनी सांगितलं?”

एस्तेरबाई आठवू लागल्या. मंडळात सांगितलं होतं. पाळकीणबाईंना सांगितलं होतं. मुलाला पुण्याला फोन करून सांगितलं होतं.

“ती रोज येऊन रडायची हितं,” धोंडुबाई म्हणाली. “मला म्हनायची, मावशी, आज्जी आदी लय बोलायच्या, आता तोंडाकडंबी बघत न्हाईत. मी त्यांच्या मनातनं उतरले. आमच्यात कसं हाय, घरातल्या मानसाला शिव्या घालत्यात. ज्याला वाटंला लावायचं त्येच्याशी बोलनं टाकत्यात. तिनं तेच धरलं. पातेल्यातल्या किड्यांचं झालं त्या दिवशी तर म्हनाली, एवढं झालं तरी बोलल्या न्हाईत, म्हंजी आता माझं हितलं संपलं. आज सकाळी बापाला फोन केला. त्येनं म्हनलं, ये मंग. पावनं बोलावलंयत बगायला.”

एस्तेरबाईंनी तशीच, झावळी हातात धरून, रिक्षा थांबवली.

मिरजेचं स्टँड रविवारीही भरलेलं असतं. विट्याची गाडी लागलेली होती, आणि फलाटाच्या कडेला बॅगेवर राणी बसलेली होती. डोळे सुजलेले. बाईंना बघून ती उठली नाही. उठावं की नाही, हे तिला कळेना.

एस्तेरबाई वाटभर रिक्षात मनाशी शब्द जुळवत आल्या होत्या. शांतपणे सांगायचं, समजावून सांगायचं. पण राणीला तिथं तशी बसलेली बघितली आणि महिनाभर मिटलेलं तोंड आपोआप उघडलं.

“ऊठ! ऊठ म्हणते ना! परीक्षा तोंडावर आलीय आणि निघाली ही वडूजला! पुस्तकं काय मेंढ— काय गाडीला वाचून दाखवणार आहेस? सांगून जायची पद्धत आहे का नाही? किल्ली खिडकीत ठेवलीस, चोर काय बाहेरून विचारून येतात? आणि खाल्लंस का काही? नाही ना? तोंड बघ! उपाशी जाणार होतीस विट्यापर्यंत, आणि चक्कर येऊन पडली असतीस म्हणजे! नर्स होणारेस ना तू? नर्स!”

बोलताना हातातली झावळी वरखाली होत होती. दोन माणसं बाजूला सरकली. गाडीच्या खिडकीतून एक सुट्टीवर आलेला फौजी डोकं बाहेर काढून म्हणाला, “आवं आज्जी, सोडा की बिचारीला. लय झालं.”

“तू गप्प बस रे! डोकं आत घे आधी, पलीकडून गाडी येतेय!”

फौजीनं डोकं आत घेतलं.

राणी मात्र उभी राहिली होती. रडत होती, पण चेहऱ्यावर काहीतरी भलतंच उजळलं होतं.

“आज्जी,” ती हळूच म्हणाली, “तुमी माझ्यावर रागावलाय?”

“मग काय ओवाळू तुला?”

“मंग म्हैनाभर?”

“महिनाभर एकदाही रागावले नाही! विचार जा मंडळात कुणालाही! तुला बोलायचं नाही म्हणून जीभ चावत होते मी. उपवास होता माझा. राग सोडला होता.”

“आन् मला वाटलं मलाच सोडलं.”

एस्तेरबाईंचा हात खाली आला. त्या तिथंच, राणीच्या बॅगेशेजारच्या बाकावर बसल्या. पूर्वी वॉर्डात एखाद्या पेशंटाला हात लावायच्या आधी त्या विचारायच्या, कुठं दुखतं? रागीट होत्या, पण हे कधी चुकलं नव्हतं. या पोरीला त्यांनी पाण्याबद्दल सांगितलं होतं, बजावलं होतं, पुढं महिनाभर सहन केलं होतं. विचारलं मात्र एकदाही नव्हतं.

“बस इथं,” त्या म्हणाल्या. “मला सांग, एवढं पाणी का भरतेस गं तू?”

राणीनं ओढणीनं नाक पुसलं. “आमच्यात पानी कवा यील त्ये म्हाईत नसतं. आठ दिसांनी येतं, कवा धा. मी ल्हान असताना एकदा आजी रानात गेल्ती आन् मी घरात झोपल्ते. पानी येऊन गेलं. मी उठले तवर नळ कोरडा. मंग आजीला कळशी घिऊन दारोदार जावं लागलं. माझी आजी कुनाकडं काय मागत न्हाई कवा. मला ती कायबी बोलली न्हाई, पर तिचं त्वांड मला अजून दिसतं.” तिनं स्वतःच्या हाताकडं बघितलं. “हितं रोज पानी येतं, मला कळतंय की आज्जी. डोस्क्याला कळतंय. हाताला न्हाई कळत. नळाचा आवाज आला का हात आपसूक जातोय.”

कंडक्टर खाली उतरला होता. “मावशी, ही येणार का न्हाई? गाडी सोडतोय.”

“दोन मिनिटं थांबा हो.”

“दोन मिन्टं म्हंजी बायकांची का घड्याळाची?”

बाईंनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो चाकाची हवा तपासायला गेला.

“राणी,” एस्तेरबाई म्हणाल्या, “त्या दिवशी मी मेंढरांवरून बोलले ते फार वाईट बोलले. माझं चुकलं.”

“त्येचं काय एवढं,” राणी म्हणाली. “वाढलीयाच की मेंढरांत. पर मेंढरं लय चांगली असत्यात आज्जी. काय झालं का वरडून सांगत्यात. तुमच्यावानी गप बसत न्हाईत.”

फौजी खिडकीत हसला. बाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही.

“आता जायचं का राहायचं, ते तू सांग. मी धरून नेणार नाही. जायचं असेल तर वाटेत खायला घेऊन देते. पण तुझ्या खोलीत दुसरं कुणी येणार नाही, हे ऐकून जा.”

राणीनं गाडीकडं बघितलं, बाईंकडं बघितलं. “ऱ्हायचंय. पर आप्पाला काय सांगू? पावनं बोलावलंयत.”

“लाव फोन. मी बोलते.”

बिरदेवचा फोन लागला तेव्हा पलीकडून मेंढरांचा गलका ऐकू येत होता. “मी एस्तेर सिस्टर,” बाई म्हणाल्या. “बिरदेव, पोरीचं काही चुकलेलं नाही. चुकलं ते माझं. मी बोलत नव्हते, तिला वाटलं नकोशी झाली. तसं नाही.”

“आमाला निराळंच वाटलं,” बिरदेव म्हणाला. “आमी म्हनलं, आपल्या पोरीनंच कायतरी मोठं नुकसान केलं आसंल, म्हनून बाई गप झाल्या. मोठी मानसं. इचारायचं कसं?”

“यापुढं विचारा. मला विचारा, रागावून विचारलं तरी चालेल. आणि पाहुण्यांना सांगा, मुलगी परीक्षेला बसणार आहे. ज्याला मुलगी हवीय तो थांबेल.”

पलीकडं जरा वेळ फक्त मेंढरं बोलली. मग बिरदेव म्हणाला, “म्हातारी कावंल. कावू दे. तुमी म्हनताय तर शिकू दे बाई तिला.”

फोन बंद झाला, तशी राणी पुन्हा रडली, आणि यावेळी एस्तेरबाईंनी तिला पदर दिला. कंडक्टरनं घंटी वाजवली. गाडी निघाली.

“पर माझं एक ऐकाल का, आज्जी?” राणी म्हणाली.

“काय?”

“बोलत जावा. रागावून बोला, कसंबी बोला. मला चालतंय. पर आमच्या घरच्यांवरनं न्हाई.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “त्यावरून कधीच नाही.”

स्टँडासमोर प्लास्टिकच्या वस्तूंचं दुकान उघडं होतं. एस्तेरबाईंनी तिथून एक निळं पिंप घेतलं, घट्ट झाकणाचं, खाली तोटी असलेलं. राणी नको नको म्हणत होती. “हे तुझं,” बाई म्हणाल्या. “रोज नळ आला की हे भर. दुसरं एक भांडं भरायचं नाही. आदल्या दिवशीचं सगळं कढीपत्त्याला घालायचं, त्याला फार गरज आहे. हात जातो ना तुझा? मग जाऊ दे, पण एका जागी जाऊ दे.”

पिंप रिक्षात बसेना. शेवटी राणी आत बसली, पिंप तिच्या मांडीवर, झाकण बाईंच्या मांडीवर, आणि झावळी रिक्षावाल्यानं समोर काचेपाशी अडकवली.

“लगीनघर हाय काय?” त्यानं विचारलं.

“पुढं बघून चालवा,” बाई म्हणाल्या.

रिक्षा बाजाराच्या गर्दीत शिरली. राणी पिंपाच्या आडून डोकावून म्हणाली, “आज्जी, म्हंजी तुमचा उपास मोडला न्हवं?”

“मोडला.”

“एकच आठवडा ऱ्हायला हुता की वो. आता देव रागवंल?”

एस्तेरबाईंनी झाकण सरळ धरलं.

“रागावू दे,” त्या म्हणाल्या. “म्हणजे अजून आपलं मानतो, एवढं तरी कळेल. आणि तू ते पिंप नीट धर बघू. तोटी आपटली तर गळायला लागेल. तशी नाही गं, खालून धर. खालून! अगं, खालून म्हणजे कुठून!”

राणीनं पिंप खालून धरलं आणि घर येईपर्यंत हसत राहिली.